पेडणेकरांची दहा घोड्यांची मोटार

नंदकुमार पेडणेकरांनी एकोणतीस वर्षं मोटारी विकल्या. रस्त्यावर धावणाऱ्या नव्हेत. कारखान्यात बोल्टनी जखडून बसवलेल्या, विजेवर फिरणाऱ्या, स्वतः जागच्या न हलता दुसऱ्यांना धावायला लावणाऱ्या. हा खुलासा त्यांना प्रत्येक लग्नात नव्याने करावा लागे. ‘मोटार कंपनीत आहेत’ एवढंच ऐकलेली मंडळी त्यांना आग्रह करून पुढच्या पंगतीत बसवत, आणि खुलासा झाला की जिलबीचं ताट त्यांच्या पानावरून न थांबता पुढे जाई.

अर्ध्या हॉर्सपॉवरपासून शंभर हॉर्सपॉवरपर्यंत हजारो मोटारी त्यांच्या सहीने अंधेरीच्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या. कोणत्या कामाला किती ताकदीची मोटार लागेल, ती चालू कशी करावी, आणि जास्त भार पडून ती जळू नये म्हणून काय बसवावं, हे पेडणेकर देशभरच्या गिऱ्हाइकांना पत्राने कळवत. कोइमतूरपासून लुधियान्यापर्यंत लोक त्यांच्या पत्रांवर विसंबून बटणं दाबत. आणि इतकं असून पेडणेकरांनी स्वतःच्या हाताने एकही मोटार कधी चालू केली नव्हती.

त्यांचा चौकशी विभाग पहिल्या मजल्यावर, काचेआड होता. कारखाना खाली. जिन्याच्या पायथ्याशी फरशीवर एक पिवळा पट्टा मारलेला होता आणि त्यापलीकडे कारकून वर्गाला मज्जाव होता. काचेतून तपासणीचं टेबल दिसे. तिथे कुंडलिक नावाचा टेस्टर दिवसातून चाळीस वेळा हिरवं बटण दाबी. मोटारीचा दांडा आधी स्पष्ट दिसे, मग धूसर होई, मग फिरतोय की थांबलाय तेच कळेनासं होई. एवढं सुख हाताशी असून कुंडलिकच्या चेहऱ्यावर नावडत्या नातेवाइकाच्या दाराची घंटा दाबल्याचा भाव असे. पेडणेकर वरून बघत राहत. काच जाड होती. आवाज वर येत नसे.

खंडेनवमीला तर बघवत नसे. खाली एकेका यंत्राला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. वर कारकुनांनीही आपापल्या हत्याराची पूजा करावी असा रिवाज होता, आणि पेडणेकरांच्या वाट्याला आलेलं हत्यार म्हणजे कागदाला भोकं पाडायचा पंच. एकोणतीस वर्षं त्यांनी त्या पंचाला भक्तिभावाने फूल वाहिलं. पंच निगरगट्ट. एकोणतीस वर्षांत तो कधी थरथरला म्हणून नाही.

ही ओढ खरं तर नोकरीच्याही आधीची. वडील लवू पेडणेकर परळच्या एका कापड गिरणीत, माग चालतात त्या साळखात्यात, पस्तीस वर्षं होते. डबा पोचवायला गेलेल्या नंदूला त्यांनी कधी फाटकाच्या आत घेतलं नाही. आतून असा आवाज यायचा की चपलेतून पोटरीपर्यंत चढायचा. “यंत्राच्या वाटेक जाव नको,” डबा घेत वडील म्हणायचे. “लेखणीच्या लायनीत जा.” नंदू लेखणीच्या लाइनीत गेला. तिथे पिवळा पट्टा निघाला.

तर असे हे पेडणेकर सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात निवृत्त झाले. कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पंच परत मागून घेतला.

निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी पद्मजाबाई मसाला कांडून घ्यायला गेल्या आणि साडेतीन तासांनी परत आल्या. चकाल्याच्या आसपास मिरची कांडून देणारं यंत्र एकच, आणि उन्हाळ्यात सगळ्या पूर्व अंधेरीच्या मिरच्या तिथे रांगेला.

“माझ्या पुढे सतरा पिशव्या होत्या,” त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “एवढ्यात एखाद्याने दुसरं यंत्र टाकलं असतं.”

पद्मजाबाई हे सहज बोलल्या होत्या. एकोणतीस वर्षं दबलेला माणूस सहज बोललेलं सहज घेत नाही. सोसायटीच्या मागे पूर्वी कोळशाची वखार होती तो गाळा रिकामा होता. पेडणेकरांनी तो महिनाभरात भाड्याने घेतला आणि त्यात दोन मुसळांचं एक कांडप यंत्र आणून उभं केलं. राहता राहिली मोटार.

इथे त्यांनी रीत सोडली नाही. नवीन गिऱ्हाइकाला कंपनी सतरा प्रश्नांचा एक छापील कागद पाठवी. तसा एक कागद त्यांनी आठवणीने स्वतःच तयार केला, स्वतःला दिला, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून भरला. यंत्र कोणतं, भार सलग की अधूनमधून, धूळ किती, माणसं किती शहाणी. मग पहिल्या बाजूला येऊन स्वतःला उत्तर लिहिलं: ‘आपली चौकशी मिळाली. आपल्या कामास तीन हॉर्सपॉवरची मोटार पुरेशी आहे. यापेक्षा मोठी घेण्याचा मोह कृपया टाळावा.’ हे पत्र त्यांनी दोनदा वाचलं. गिऱ्हाईक समाधानी होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी नाना टिपणीस मात्र नव्हते. नाना तिसऱ्या मजल्यावर राहत आणि जिन्यात भेटेल त्याला सल्ला देत.

“तीन?” नाना म्हणाले. “पेडणेकर, तीनमध्ये काय होतं हो? आमच्या मेहुण्याने विहिरीला तीनची बसवली. वर्षाच्या आत जळली. पाच घ्या. माणसाने थोडं जास्तच घ्यावं.”

“नाना, शास्त्र असं आहे की…”

“शास्त्र मेहुण्याकडेही होतं.”

पेडणेकर बधले नाहीत. मोठी मोटार छोट्या कामाला लावणं ही किती मोठी चूक आहे यावर त्यांनी नानांना जिन्यात उभ्याउभ्या पंचवीस मिनिटं ऐकवलं. मोटारीवर ओव्हरलोड रिले नावाची एक राखण असते, भार वाढला की ती मोटार बंद पाडते. पण दहा घोड्यांच्या मोटारीची राखण दहा घोडे दमेपर्यंत ढिम्म हलत नाही, आणि तोवर पुढच्या तीन घोड्यांच्या यंत्राचे तुकडे होतात. “रिले मोटारीला वाचवतो, नाना. समोरच्याला नाही.” हे वाक्य त्यांनी हजार पत्रांत लिहिलं होतं. नाना म्हणाले, “भाजी जळते आहे,” आणि वर गेले.

जुनी पण चांगली तीनची मोटार बघायला पेडणेकर कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. बरोबर गुणाजी वायरमन. गुणाजी मालवणकडचा, परवानाधारक, आणि परवाना मिळाल्यापासून कुणाचंही ऐकून न घेणारा. त्याने तासाभरात एक छान तीनची मोटार हेरली, दांडा हाताने फिरवून पाहिला आणि पेडणेकरांना हाक मारली. पेडणेकर जागेवर नव्हते.

ते दोन दुकानं पलीकडे एका ढिगाऱ्यासमोर उकिडवे बसले होते. ढिगाऱ्यात एक काळी, गोल, भल्या मोठ्या पोटाची मोटार पडली होती आणि पेडणेकर रुमालाला थुंकी लावून तिच्यावरची पितळी पट्टी पुसत होते. त्यांच्याच कंपनीची. दहा हॉर्सपॉवर. नंबर सहा हजार एकशे सत्तेचाळीस.

या नंबराची गोष्ट अशी, की एकसष्ट साली ही मोटार गेली तेव्हा पाठवणीच्या कागदावर पेडणेकरांनी शेवटचे दोन आकडे उलटे टंकले होते. गिरणीने कागद परत पाठवला. पेडणेकरांना मेमो मिळाला. त्यांच्या नोकरीतला तो एकमेव मेमो, त्यामुळे नंबर पाठ होता. आणि गिरणी होती परळची. वडिलांची. मोटार गेली होती साळखात्यात.

ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडलीच नाही. कुलपाआडून एकेक वस्तू अशी बाहेर पडत होती. वडील संपाच्या आधीच निवृत्त झाले होते, पण फाटक बंद झालं त्या दिवसापासून त्यांनी गिरणीचं नाव काढलं नाही. आता ते एक्याऐंशीचे. मागांच्या आवाजाने कान केव्हाच गेलेले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अनवाणी बसून असत. काही विचारलं तर मान हलवत, कधी बरोबर दिशेला.

पेडणेकरांनी त्या ढिगाऱ्यासमोर बसूनच ठरवलं. खंडेनवमीला, बाबांना खुर्चीवर बसवून, त्यांच्या समोर, त्यांच्याच खात्यातली ही मोटार आपण आपल्या हाताने चालू करायची. बाबा जिवंत आहेत तोवर. मग मिरची कुटली गेली काय, न गेली काय.

“नंदूभाऊ,” गुणाजी मागे येऊन उभा राहिला. “ही मोटार हा काय म्हस?”

“हीच घ्यायची.”

“तीनचा काम हा. तुमी धा घेतास?”

“गुणाजी, तुला कळणार नाही.”

“माका कळता. तुमका कळत नाय, ता माका दिसता.”

मोटार टेम्पोतून आली तेव्हा सगळी सोसायटी गॅलऱ्यांत होती. नाना खाली उतरले, मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “पेडणेकर, मी पाच म्हटलं होतं. माणसाने ऐकावं, पण इतकं?”

यानंतर वीज कंपनीचं ऑफिस. तिथले ज्युनिअर इंजिनिअर चंद्रप्रकाश राणे यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“प्रयोजन, मिरची कांडणे. भार, दहा हॉर्सपॉवर.” ते म्हणाले. “काका, मिरची कुठली आहे?”

“ब्याडगी.”

“मला वाटलं लोखंडी. बरं, पाचच्या वर मोटार असली तर स्टार-डेल्टा स्टार्टर लागेल. साधा चालणार नाही. एकदम चालू केलीत तर ती सहापट वीज ओढते. सगळ्या गल्लीचे दिवे लाजतील.”

“ते सगळ्या मोटारींना लागू नाही,” पेडणेकर समजुतीच्या स्वरात म्हणाले. “चालू करताना भार नसेल, तर विशिष्ट परिस्थितीत सूट देता येते. मी या विषयात एकोणतीस वर्षं…”

“काका, आमच्याकडे लेखी आहे. मोटार बनवणाऱ्या कंपनीचंच.” राण्यांनी कपाटातून एक फाइल काढली, धूळ पेडणेकरांच्या दिशेने झटकली आणि एक पिवळं पत्र समोर धरलं. चौऱ्याहत्तर सालचं. ‘पाच हॉर्सपॉवरवरील मोटारींस स्टार-डेल्टा स्टार्टर वापरावा. या बाबतीत कोणताही अपवाद करू नये.’ खाली सही: नं. ल. पेडणेकर.

पेडणेकरांनी पत्र हातात घेऊन सही जवळून पाहिली. तरुणपणी सही किती ऐटदार होती.

“सही तुमची?” राणे अर्जावरचं नाव आणि पत्रावरचं नाव ताडून म्हणाले.

“सही माझी. मजकूर साहेबांचा.”

“मग साहेबांना घेऊन या.”

“साहेब वारले.”

“मग स्टार्टर घेऊन या,” राणे म्हणाले आणि पुढचा अर्ज ओढला. अपमान कुणी केला तर माणूस भांडू शकतो. पेडणेकरांचा अपमान पेडणेकरांनीच केला होता. ते तक्रार कुणाकडे करणार?

स्टार्टर आला. लोखंडी पेटी, हिरवं बटण, लाल बटण. गुणाजीने तो भिंतीवर ठोकला आणि पद्मजाबाईंनी विचारलं, “अहो, हे स्टार-डेल्टा म्हणजे काय नक्की?”

पेडणेकरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काम ते रोज सकाळी करतात. बाबांना पलंगावरून एकदम उभं केलं तर चक्कर येई. म्हणून ते त्यांना आधी पलंगाच्या कडेला बसवत, पाच आकडे मोजत, आणि मग उठवत.

“बाबांना उठवतो तसं,” ते म्हणाले. “आधी अर्ध्या जोराने. पाच मोजायचे. मग खट् असा आवाज येतो आणि पूर्ण जोर.”

“मग एवढी वर्षं सांगत का नव्हता?” पद्मजाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं काहीतरी अवघड करता.”

दोन गोष्टी गुणाजीने सांगितल्या आणि पेडणेकरांनी ऐकल्या नाहीत. पहिली, मोटारीच्या दांड्यावर गिरणीतलीच मोठी पुली होती. त्या पुलीवर पट्टा चढवला तर मुसळं दुप्पट वेगाने आपटणार, ती बदलायला हवी. “ती मिलची आहे,” पेडणेकर म्हणाले, “ती राहील.” दुसरी, पट्टा न चढवता एकदा मोटार नुसती फिरवून बघूया.

“नाही.”

“कित्याक?”

एकदा नुसती फिरवून बघायची म्हणजे गुणाजीच फिरवणार. म्हणजे बटण पहिल्यांदा दाबणार गुणाजी. ज्या माणसाने हजार पत्रांत ‘पट्टा चढवण्यापूर्वी मोटार मोकळी फिरवून पाहावी’ असं लिहिलं, त्याने कोपऱ्यातल्या उखळाकडे बघत सांगितलं, “मुहूर्तावरच.”

गुणाजीने त्यांच्याकडे नीट बघितलं, पकड पिशवीत टाकली आणि म्हणाला, “बरा. नारळ मोठो हाडा.”

खंडेनवमी उजाडली. मोटारीला झेंडूची माळ, मुसळांना हळदकुंकू, उखळात पद्मजाबाईंच्या दोन किलो मिरच्या, खोबरं, धणे. सोसायटीतली पंधरा-वीस माणसं गाळ्याच्या दारात. पेडणेकर धोतर नेसून बाबांना न्यायला वर गेले. बाबा गॅलरीत बसले होते.

“बाबा,” ते कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “खाली मोटार चालू करतोय. चला.”

बाबांनी ओठांकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली. “माका नको ती यंत्रां,” ते म्हणाले. “तू पन जाव नको.”

पेडणेकर अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा त्या फाटकाबाहेर उभे राहिले. कुठली मोटार, कुणाच्या खात्यातली, हे सांगावंसं वाटलं. पण इतकी मोठी गोष्ट कानात ओरडून सांगायची तर ती पहिल्या तीन इमारतींना आधी कळली असती. ते एकटेच खाली आले. माणसं थांबली होती. मुहूर्त टळत होता.

त्यांनी हिरवं बटण दाबलं.

आधी बारीक गुणगुण आली. पेडणेकरांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच. खट्.

त्यापुढे जे झालं ते अजून सोसायटीत वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं जातं. मुसळं दुप्पट वेगाने आपटायला लागली आणि दोन किलो ब्याडगी पहिल्या दहा आपटींत हवेत गेली. झेंडूची माळ पट्ट्याने ओढून घेतली. पुढच्या रांगेतून पहिली शिंक आली, मग मोजदाद थांबली. या गडबडीत मोटारीवर ठेवलेली पूजेच्या नारळाची करवंटी घरंगळून उखळात पडली. तीन घोड्यांची मोटार असती तर अडली असती, राखणीने तिला बंद पाडलं असतं, सगळे घरी गेले असते. दहा घोड्यांना करवंटी ती काय. मुसळाचा लोखंडी दांडा मधोमध तुटला, भिंतीवर आपटला, आणि मोटार शांतपणे फिरत राहिली. राखण ढिम्म हलली नाही. पेडणेकरांच्या हजार पत्रांतलं ते एक वाक्य, प्रात्यक्षिकासह, सोसायटीच्या सर्व सभासदांसमोर सिद्ध झालं. फक्त बघायला कुणाचे डोळे उघडे नव्हते.

लाल बटण कुणालाच सापडेना. शेवटी गुणाजीने तोंडाला टॉवेल बांधून मुख्य स्विच ओढला. मोटार चाळीस सेकंद चालली होती.

संध्याकाळी फाटकावरच्या फळ्यावर नानांची सूचना लागली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की वखारीच्या गाळ्यात यापुढे दहा घोडे चालणार नाहीत.’ खाली खडूचे दोन ठिपके होते. लिहिताना नाना दोनदा शिंकले होते.

पद्मजाबाईंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं. फक्त ताट वाढताना म्हणाल्या, “उद्या दसरा आहे. परवा गुणाजीला टेम्पो घेऊन यायला सांगा. ही देऊन ती तीनची आणा.”

“हो.”

“आणि अहो, वाजली तरी कशी?”

पेडणेकर घास हातात धरून थांबले. हीच तर गोष्ट होती. किंकाळ्या, शिंका, दांड्याचा आवाज, नानांचा आवाज. त्या चाळीस सेकंदांत त्यांनी सगळं ऐकलं होतं. मोटार ऐकलीच नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाबांना उठवायला गेले. कडेला बसवलं. एक, दोन, तीन. बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

“परवा भुंय हालली,” बाबा म्हणाले.

“काय?”

“परवा. खालची भुंय हालली.” त्यांनी अनवाणी तळवा फरशीवर टेकवला, मग उचलून परत टेकवला. “वायच थांबान जोर धरल्यान. आमच्या खात्यातली मोटार मां ती?”

पेडणेकर पुढचे आकडे विसरले.

“माका खाली व्हर,” बाबा म्हणाले.

दोन मजले उतरायला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर पायरीवर बसायचं, पाच मोजायचे, मग उठायचं. गाळ्यात अजून मिरचीचा वास होता. पट्टा गुणाजीने परवाच काढून ठेवला होता, तुटलेला दांडा कोपऱ्यात उभा होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते थेट मोटारीपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा डोक्याकडून शेपटीकडे फिरवला.

“धडगत नव्हती हिच्याशिवाय,” ते म्हणाले. “ही एक थांबली की ओळभर माग थांबत.” मग स्टार्टरकडे बोट केलं. “ह्याच तां बटन?”

पेडणेकरांनी मान हलवली आणि सवयीने हात बटणाकडे नेला. बाबा त्या हाताकडे बघत होते. ती नजर पेडणेकरांच्या ओळखीची होती. पहिल्या मजल्याच्या काचेत तिचं प्रतिबिंब त्यांनी एकोणतीस वर्षं रोज पाहिलं होतं.

“बाबा,” ते मोठ्याने म्हणाले, “तुम्ही चालू करायचात ना ही?”

“आमका खंय लावूक देयत हात?” बाबा म्हणाले. “बटन जॉबराचा, मुकादमाचा. पस्तीस वर्सां तो चालू करी, तो बंद करी. आमी नुसते तिच्या मागसून धावलव.”

पेडणेकरांनी आपला हात मागे घेतला. बाबांचा अंगठा हातात धरून हिरव्या बटणावर ठेवला आणि बाजूला झाले.

बाबांनी दाबलं.

एक, दोन, तीन, चार, पाच. खट्. मग मोटार बोलायला लागली. जाड, सारखा, खालच्या पट्टीतला आवाज, जो आधी तळव्याला लागला, मग पोटरीला, आणि मग कुठे कानाला. दांडा धूसर झाला, मग दिसेनासा झाला. पेडणेकर ऐकत उभे राहिले. बाबांना ऐकू येत नव्हतं. ते तळहात मोटारीवर ठेवून डोळे मिटून उभे होते. मोटारीपुढे काहीच नव्हतं. दहा घोडे कुणाचंही काहीही न ओढता धावत होते.

नाना फळ्याकडे बोट दाखवायला आले होते ते दारातच थांबले. “काय कुटताय?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“काही नाही.”

“मग चालू कशाला?”

पेडणेकरांनी बाबांकडे बोट केलं. नाना दोन मिनिटं उभे राहिले, आणि चप्पल न वाजवता परत गेले.

अकराव्या मिनिटाला गुणाजी आला. बाहेर टेम्पो लावून त्याने दोरखंड खांद्यावर टाकला होता. आत येऊन त्याने बापलेकांकडे बघितलं, दोरखंड खाली ठेवला आणि पेडणेकरांच्या कानाशी येऊन म्हणाला, “बंद करू, नंदूभाऊ? टेम्पो उभो हा.”

पेडणेकर काही बोलणार एवढ्यात बाबांनी तळहात मोटारीच्या दुसऱ्या टोकाशी नेला, क्षणभर तसाच ठेवला, कपाळाला आठी घातली आणि डोळे उघडले.

“डावो बेरिंग रडता हा,” ते गुणाजीला म्हणाले. “ग्रीस हाड.”

गुणाजीने पेडणेकरांकडे बघितलं. पेडणेकरांनी मोटारीकडे बघितलं. तीनची दुसरी आणली तरी ती त्या कोपऱ्यात मावेल, असा एक हिशेब त्यांच्या मनात जागच्या जागी झाला, त्यासाठी सतरा प्रश्नांचा कागद लागला नाही.

“ऐकलंस ना?” ते म्हणाले. “ग्रीस आण.”

आणि मोटार घेऊन जायला आलेला टेम्पो पावशेर ग्रीस आणायला गेला.